सावकाश घडणारा मेंदू

१८५७ साली रिचर्ड ओवेन या ब्रिटनमधल्या त्या काळच्या नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञाने माणसाला बाकीच्या सस्तन प्राण्यांतून वेगळं काढलं आणि एका स्वतंत्र उपवर्गात बसवलं. आधार होता मेंदूचा. माणसाच्या मेंदूत मागच्या बाजूला, आतल्या पोकळीच्या भिंतीवर ‘हिप्पोकॅम्पस मायनर’ नावाचा एक लहानसा उंचवटा असतो आणि तो कोणत्याही वानरात सापडत नाही, असं ओवेनचं म्हणणं होतं. थॉमस हक्स्लीने १८६० मध्ये ऑक्सफर्डला भर सभेत ते खोडून काढलं. पुढची दोन-तीन वर्षं वानरांचे मेंदू उघडून पाहिले गेले आणि तो उंचवटा त्यांच्यातही निघाला. १८६३ मध्ये माणसाच्या निसर्गातल्या स्थानाविषयीचं हक्स्लीचं पुस्तक आलं, तोवर शास्त्रापुरता हा वाद निकालात निघाला होता.

तरीही माणसाच्या मेंदूत दुसऱ्या कुणाकडे नाही असा एखादा खास भाग, खास पेशी किंवा खास जनुक असणारच, ही समजूत आजही टिकून आहे. असं काहीतरी सापडल्याची बातमी अधूनमधून येते, आणि थोड्या वर्षांनी तेच माकडात, हत्तीत नाहीतर देवमाशात सापडतं. या सगळ्या शोधाकडे एकत्र पाहिल्यावर माझं जे मत झालं, ते सुरुवातीलाच सांगून टाकावंसं वाटतं. माणसाचा मेंदू वेगळा ठरतो तो घडायला लागणाऱ्या दीर्घ काळामुळे, आणि त्या काळात भोवती असणाऱ्या माणसांमुळे.

पहिलं उत्तर नेहमी आकाराचं असतं. माणसाचा मेंदू साधारण १,३५० ग्रॅमचा, चिंपांझीचा ४०० ग्रॅमच्या आसपास. इथवर ठीक. पण आफ्रिकी हत्तीचा मेंदू पाच किलोच्या घरात जातो आणि स्पर्म व्हेल या देवमाशाचा आठ किलोच्या. मग शरीराच्या प्रमाणात मोजावं, तर माणसाचा मेंदू वजनाच्या दोन टक्के भरतो, आणि चिचुंद्रीच्या कुळातल्या काही इवल्या प्राण्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत पोचतं. हॅरी जेरिसनने १९७३ मध्ये यातून एक वाट काढली. एखाद्या वजनाच्या सस्तन प्राण्याचा मेंदू सरासरीने किती मोठा असायला हवा आणि प्रत्यक्षात किती आहे, याचं गुणोत्तर त्याने काढलं. त्यात माणूस सातच्या वर, डॉल्फिन चारच्या वर, चिंपांझी अडीचच्या आसपास. उत्तर मनासारखं आलं म्हणून ही मोजपट्टी लोकप्रिय झाली. पण तिच्याच हिशेबाने दक्षिण अमेरिकेतलं छोटं कॅपुचिन माकड गोरिलाच्या वर जातं, आणि गोरिलाचं प्रत्यक्ष वागणं पाहिलेल्या कुणालाही ते पटणार नाही. वजन आणि गुणोत्तर पेशींबद्दल काही सांगत नाहीत. विचार करतात त्या पेशी.

त्या पेशी किती, हे एकविसावं शतक उजाडेपर्यंत कुणी नीट मोजलेलंच नव्हतं. पाठ्यपुस्तकांत शंभर अब्ज हा आकडा छापला जायचा आणि तो कुठून आला, हे शोधायला गेलं तर मूळ सापडायचं नाही. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांना ही गोष्ट खटकली. रिओ दी जानेरोत रॉबेर्तो लेंट यांच्यासह त्यांनी २००५ मध्ये एक पद्धत मांडली. मेंदूच्या ऊती विशिष्ट द्रावणात घोटायच्या, वरण घोटून एकजीव करावं तशा. पेशींची आवरणं फुटतात, पण केंद्रकं शाबूत राहतात. द्रावण सारखं ढवळून त्याच्या एका थेंबातली केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, चेतापेशींची वेगळ्या रंगाने ओळखायची, आणि त्यावरून पूर्ण मेंदूचा हिशेब करायचा. मेंदूच्या कुठल्या भागात पेशी दाट आहेत आणि कुठल्या भागात विरळ, ही जुनी अडचण एका फटक्यात दूर झाली. २००९ मध्ये माणसाचा आकडा आला: ८६ अब्ज चेतापेशी, म्हणजे ८,६०० कोटी. जवळजवळ तेवढ्याच इतर आधारपेशी. त्यांची संख्या दहापट असते, हा दुसरा प्रचलित समजही त्यात गेला.

या मोजणीतून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट एकूण आकड्याच्या पलीकडची आहे. उंदीर-घुशींच्या गणात मेंदू मोठा होतो तशी एकेक चेतापेशीही मोठी होत जाते, त्यामुळे आकार वाढला तरी संख्या त्या मानाने वाढत नाही. नरवानर गणात, म्हणजे माकडं, वानरं आणि आपण, पेशीचा आकार फारसा बदलत नाही. मेंदू दुप्पट झाला की पेशीही जवळपास दुप्पट. उंदराच्या नियमाने ८६ अब्ज चेतापेशींचा मेंदू बांधायचा झाला तर तो ३६ किलोचा होईल. नरवानरांच्या नियमाने तो बांधला, की आपल्या मेंदूइतकाच भरतो. म्हणजे आपला मेंदू निसर्गाचा अपवाद नाही. माकडाचा मेंदू ज्या नियमाने बांधला जातो, त्याच नियमाने तो बांधलेला आहे, फक्त बराच मोठा. डार्विनने १८७१ मध्ये म्हटलं होतं की माणसाच्या आणि वरच्या प्राण्यांच्या मनातला फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. पेशींच्या मोजणीने त्याला पाठबळ दिलं.

हत्तीचा मेंदूही याच पद्धतीने २०१४ मध्ये मोजला गेला. २५७ अब्ज चेतापेशी, आपल्या तिप्पट. पण त्यातल्या ९७.५ टक्के लहान मेंदूत, म्हणजे हालचालींचा मेळ राखणाऱ्या भागात. सोंडेसारखा अवयव चालवायला त्या लागत असाव्यात. मोठ्या मेंदूच्या सुरकुतलेल्या बाह्य थरात हत्तीकडे ५.६ अब्ज पेशी, आपल्याकडे १६ अब्ज, चिंपांझीकडे सातच्या आसपास. इथे उत्तर मिळालं असं वाटू लागतं. मग त्याच वर्षी फेरो बेटांजवळच्या पायलट व्हेल या डॉल्फिनच्या कुळातल्या सागरी प्राण्याची मोजणी प्रसिद्ध झाली. पद्धत वेगळी होती, पण त्याच्या बाह्य थरात ३७ अब्ज चेतापेशी निघाल्या. बाह्य थरातली संख्या महत्त्वाची आहे यात शंका नाही. ती पुरेशी नाही, हेही आता मान्य करायला हवं.

एवढ्या पेशी पोसायच्या तर अन्न लागतं. शरीराच्या वजनाचा दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळी शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. गोरिलाचा दिवसाचा मोठा भाग चरण्यात जातो, आणि कच्च्या अन्नावर त्याला एवढं शरीर आणि आपल्याएवढा मेंदू दोन्ही पोसणं शक्य नाही, असा हिशेब हर्क्युलानो-हाउझेल आणि करिना फोन्सेका-अझेवेदो यांनी २०१२ मध्ये मांडला. रिचर्ड रँगम यांचं म्हणणं त्याला जुळतं: विस्तवावर शिजवलेलं अन्न पचायला सोपं, त्यातून ऊर्जा जास्त, आणि त्यावरच मेंदूची वाढ परवडली. त्याआधी १९९५ मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी आतडं आखूड होऊन वाचलेली ऊर्जा मेंदूकडे गेली, असा तर्क केला होता. मला चुलीची कल्पना आवडते, पण तिला पूर्ण आधार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाच्या खुणा आहेत, आणि मेंदू त्याच्या कितीतरी आधीपासून वाढू लागला होता. कंदमुळं ठेचणं, मांस कापणं, हाडं फोडून मगज खाणं, यांनीही काही भार उचलला असणार.

आता खास भागांकडे वळू. आपल्या मेंदूचा पुढचा भाग इतरांपेक्षा प्रमाणाबाहेर वाढलेला आहे, असं शाळेत सांगितलं जातं. कॅटरिना सेमेंडेफेरी यांनी २००२ मध्ये माणूस आणि वानरांचे मेंदू स्कॅन करून तुलना केली, तेव्हा बाह्य थराचा जेवढा वाटा माणसात पुढच्या भागाकडे आहे, जवळपास तेवढाच मोठ्या वानरांतही निघाला. खास पेशींची कथा याहून बोलकी आहे. फॉन इकोनोमो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांबट, चातीच्या आकाराच्या चेतापेशी फक्त माणसात आणि मोठ्या वानरांत असतात, असं १९९९ मध्ये जाहीर झालं. त्यांचा संबंध सहानुभूतीशी, स्वत्वाशी, नैतिक जाणिवेशी जोडला गेला. पुढे त्या देवमाशांत सापडल्या, मग हत्तींत, आणि २०१२ मध्ये मकाक माकडातही. आपल्यात सरड्याचा मेंदू, त्यावर सस्तन प्राण्यांचा आणि सगळ्यांत वर माणसाचा, असे तीन थर आहेत, ही पॉल मॅक्लीन यांची कल्पनाही अशीच. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आणि पुस्तकांत ती आजही शिकवली जाते. मेंदूच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी ती केव्हाच सोडली आहे. सरड्याच्या मेंदूतही आपल्या मोठ्या मेंदूशी नातं असलेला भाग असतो. उत्क्रांतीने जुन्यावर नवा थर चढवला नाही, सगळेच भाग बदलत नेले.

बुद्धीला सुरकुतलेला बाह्य थर लागतोच, हा समज पक्ष्यांनी मोडला. २००२ मध्ये ऑक्सफर्डमधल्या न्यू कॅलेडोनियन जातीच्या बेटी नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतलं खाणं वर ओढलं. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की स्क्रब जे हा कावळ्यांच्या कुळातला पक्षी काय लपवलं, कुठे लपवलं आणि केव्हा, हे तिन्ही लक्षात ठेवतो. २०१६ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्यावर कारण कळलं. मोठ्या पोपटांच्या आणि कावळ्यांच्या अग्रमेंदूत चेतापेशी इतक्या दाट असतात की संख्येने ते माकडांची बरोबरी करतात, काही बाबतींत पुढेही जातात. आपल्या खिडकीत येणाऱ्या कावळ्याकडे जरा आदराने पाहायला हवं, असं मला ही आकडेवारी वाचल्यापासून मनापासून वाटतं.

मग खरोखर वेगळं काय उरतं? दोन गोष्टी ठोस दिसतात.

पहिली, जोडण्या. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये बोलण्याशी संबंधित भाग दाखवला आणि कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये अर्थ समजण्याशी संबंधित. या भागांसारखे भाग वानरांतही आहेत. पण त्यांना जोडणारी तंतूंची कमानदार जुडी माणसात जितकी दाट आहे आणि कानशिलामागच्या भागात जितकी खोलवर पसरते, तशी चिंपांझीत नाही आणि मकाकात तर अगदीच क्षीण आहे, असं जेम्स रिलिंग यांच्या गटाने २००८ मध्ये स्कॅनच्या आधारे दाखवलं. सत्तरच्या दशकात हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली. तो शंभरावर खुणा शिकला, पण त्या बहुतेक काहीतरी मागण्यासाठी आणि शिकवणाऱ्याचं पाहून केलेल्या होत्या. नवी वाक्यं रचणं त्याला जमलं नाही, अशा निष्कर्षाला टेरेस १९७९ मध्ये आले.

दुसरी गोष्ट काळाची, आणि माझ्या दृष्टीने हीच मुख्य आहे. जन्मतः चिंपांझीच्या बाळाचा मेंदू प्रौढ आकाराच्या सुमारे चाळीस टक्के असतो, माणसाच्या बाळाचा तीस टक्क्यांहून कमी. चेतातंतूंवर चरबीचं वेष्टण चढणं, म्हणजे संदेशांना वेग येणं, चिंपांझीत वयात येईपर्यंत संपतं. माणसात ते विशी ओलांडूनही चालू राहतं. बालपणी भरमसाट झालेल्या जोडण्यांतल्या नको त्या छाटण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागात तिशीच्या जवळपासपर्यंत सुरू असतं. क्रिस्टोफर कुझावा यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात असं दिसलं की पाचव्या वर्षाच्या आसपास मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण रोजच्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक खातो, आणि नेमकी त्याच वेळी शरीराची वाढ सर्वांत मंदावलेली असते. मेंदू पोसण्यासाठी शरीर थांबतं. दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला एवढं लांब बालपण परवडत नाही.

हा सावकाशपणा एकेका पेशीतच मुरलेला आहे. लुव्हेनमधल्या पिएर वांडेरहेगेन यांच्या गटाने माणसाच्या चेतापेशी उंदराच्या मेंदूत रोवल्या. भोवतीच्या उंदराच्या पेशी काही आठवड्यांत प्रौढ होतात, पण माणसाच्या पेशींनी आपली माणसाची गती सोडली नाही. त्या महिनोन् महिने वाढत राहिल्या. जनुकांकडे पाहिलं तरी हेच सूत्र दिसतं. एसआरगॅप२ या जनुकाची माणसाच्या पूर्वजांत प्रत तयार झाली, आणि ती प्रत चेतापेशींमधल्या जोडण्या पक्व होण्याचा वेग कमी करते आणि त्यांची संख्या वाढवते, हे २०१२ मध्ये कळलं. आणखी एक जनुक, एआरएचगॅप११बी, बाह्य थराच्या मूळपेशी वाढवतं. २०२० मध्ये जर्मन आणि जपानी शास्त्रज्ञांनी ते मार्मोसेट माकडाच्या गर्भात घातलं, तेव्हा त्या गर्भाच्या मेंदूचा बाह्य थर मोठा झाला आणि त्यावर सुरकुत्या पडल्या. संशोधकांनी हे गर्भ जन्माला येऊ दिले नाहीत. तो निर्णय योग्यच होता.

सावकाश घडणाऱ्या मेंदूला घडवतं कोण? भोवतीची माणसं. लायपझिगच्या एस्टर हेर्मान आणि मायकेल टोमासेलो यांनी २००७ मध्ये अडीच वर्षांची १०५ मुलं, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना एकाच चाचण्यांना बसवलं. वस्तू कुठे लपवली, कोणत्या ढिगात जास्त आहे, काठीने काय ओढता येईल, यांत मुलं आणि चिंपांझी जवळपास सारखेच ठरले. दुसऱ्याने दाखवलेलं पाहून शिकणं, बोटाच्या दिशेचा अर्थ लावणं, यांत मुलं स्पष्ट पुढे गेली. क्योटोमधल्या आयुमु या तरुण चिंपांझीने तर पडद्यावर क्षणभर चमकून गेलेल्या अंकांच्या जागा लक्षात ठेवण्यात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मागे टाकलं होतं. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांचा २००५ चा प्रयोगही सांगण्यासारखा आहे. पारदर्शक पेटीतून बक्षीस काढताना मोठ्या माणसाने काही निरर्थक कृतीही केल्या. चिंपांझींनी त्या वगळल्या, मुलांनी त्या इमानाने केल्या. वरवर पाहता चिंपांझी हुशार ठरतो. पण कारण कळण्याआधी रीत उचलण्याच्या या सवयीमुळेच विणकाम, व्याकरण, पाककृती आणि गणित पिढ्यान् पिढ्या पुढे जातात.

या घडण्याला वयाची फारशी मर्यादा नाही, याचा एक पुरावा आपल्या जवळचा आहे आणि आपल्याच लिपीतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची स्कॅन केली. फरक बाह्य थरात दिसेल अशी अपेक्षा होती. तो मेंदूच्या खोल भागातही, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत दिसला, आणि हे भाग दृष्टीच्या केंद्रांशी अधिक मेळाने काम करू लागले होते. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं आहे. त्यासाठी मेंदूत कोणताही जन्मजात भाग तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. तिशीतली बाई अक्षरं गिरवते आणि कोट्यवधी वर्षं जुना भाग बदलतो. माणसाच्या मेंदूबद्दल मला माहीत असलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत थोर वाटते.

जीवाश्मांकडे पाहिलं तरी आकार आणि कर्तृत्व यांची सरळ जोडी लागत नाही. निअँडरथल माणसाचा मेंदू आपल्याएवढा किंवा थोडा मोठा होता. फ्लोरेस बेटावरच्या बुटक्या माणसाचा चिंपांझीएवढा, आणि त्याच्या अवशेषांबरोबर दगडी हत्यारं मिळाली. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हाथनोरा इथे अरुण सोनाकिया यांना १९८२ मध्ये सापडलेली कवटी या लांबलचक साखळीतला भारतातला दुर्मीळ दुवा आहे. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदच्या तीन लाख वर्षांपूर्वीच्या आपल्याच जातीच्या माणसाचा मेंदू आकारमानाने आजच्याएवढा होता, पण लांबट. आजचा गोलसर आकार येता येता पस्तीस हजार ते एक लाख वर्षांपूर्वीचा काळ उजाडला, असं लायपझिगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. हा गोलावा जन्माच्या आसपासच्या काही महिन्यांतल्या वाढीत येतो. म्हणजे इथेही पुन्हा बालपणच.

या सगळ्या ज्ञानाचा पाया किती लहान आहे, हेही वाचकांना ठाऊक असायला हवं. जगभर छापला जाणारा ८६ अब्जांचा आकडा ब्राझीलमधल्या चार पुरुषांच्या मेंदूंवरून आला आहे. वानरांचे मेंदू प्राणिसंग्रहालयात मेलेल्या प्राण्यांकडूनच मिळतात आणि तसेच मिळायला हवेत. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर जणांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला, तेव्हा लक्षात आलं की आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा थोडा लहान भरतो. बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही, पण परक्या नमुन्याशी ताडून पाहिलं तर निरोगी मेंदूही झिजलेला वाटू शकतो. मद्रास आयआयटीने २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचा ५,१३२ छेदांचा नकाशा सर्वांसाठी खुला केला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये नव्वदच्या दशकापासून मेंदूपेढी चालते. ही सगळी कामं दान मिळालेल्या ऊतींवर आणि लोकांच्या संमतीवर उभी आहेत.

महाराष्ट्रात नेत्रदान आणि देहदान रुजलं, कारण कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ते समजावून सांगितलं. मेंदूदानाचं नाव मात्र फार थोड्या घरांत ऐकलेलं असतं. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढून घ्यावा लागतो, म्हणून घरच्यांची संमती आधीच ठरलेली असावी लागते. निरोगी मेंदूंची गरज आजारी मेंदूंइतकीच असते, कारण तुलना त्यांच्याशीच करायची असते. देहदानाचा अर्ज भरायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी मेंदूदानाचीही चौकशी करावी आणि घरात त्याबद्दल आत्ताच बोलून ठेवावं.